आधी मुलाला तपासणीला पाठवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातील एका गावात राहते. ३७ वर्षे सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवून २०२२ साली निवृत्त झाले. आपल्या दैनिकाची जुनी वाचक आहे, पण संपादकांना पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ. पत्र थोडे लांबेल, कृपया सांभाळून घ्यावे.

यंदाची चवथ सरल्यावर पहिल्या सोमवारी मी ग्रामदेवतेच्या देवळात गेले होते. चौकात आमच्या वाड्यावरची एक सून बसलेली दिसली. लग्नाला तीन वर्षे झाली, अजून मूल नाही. शेजारी तिची सासू. पुजाऱ्यांनी देवीच्या अंगावर पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणे घातले, की हिची कूस उजव, हिचे काय चुकलेमाकले असेल ते पोटात घाल. उजवी पाकळी पडली, म्हणजे देवीने होकार दिला, तशी सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. तिचा मुलगा, म्हणजे त्या मुलीचा नवरा, देवळाबाहेर पिंपळाच्या पारावर मोबाइल बघत बसला होता. त्याचे नाव गाऱ्हाण्यात एकदाही आले नाही.

मला तिथे उभे राहवेना. मी प्रदक्षिणा न घालताच घरी आले. कारण त्याच चौकात, त्याच जागी, माझ्या सुनेला मी पाच वर्षे बसवत होते.

मुलाचे लग्न २०१६ साली झाले. सून दोडामार्गकडची, तेव्हा २४ वर्षांची, बी. कॉम. झालेली, येताना शिवणाचे मशीन घेऊन आली. वर्ष झाले, दीड वर्ष झाले, आणि लोक विचारू लागले. लोकांच्या आधी मी विचारू लागले होते, हे कबूल केले पाहिजे. नार्वेच्या सप्तकोटेश्वराला सोळा सोमवार झाले. म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रिस सायबिणीला तेल घालून झाले. सत्तरीतल्या एका वैद्याचे गावठी औषध सहा महिने झाले, ते इतके कडू होते की घेतल्यावर ती परसात जाऊन उभी राहायची. देवावरचा माझा विश्वास आजही तसाच आहे. पण आम्ही प्रत्येक ठिकाणी देवापुढे एकाच माणसाला उभे करत होतो.

डॉक्टरांकडेही तेच झाले. गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी पिशवीत औषध सोडून एक्स-रे काढतात. तो काढून आली त्या दिवशी कदंब बसमध्ये ती पोट धरून, ओठ दाबून बसली होती. मग बिजे वाढवायच्या गोळ्या. मग दिवसाआड सोनोग्राफी. शेवटी २०२१ साली भूल देऊन दुर्बिणीने तपासणी झाली, पोटावर तीन टाके पडले. सगळे रिपोर्ट चांगले आले. पिशवी चांगली, नलिका मोकळ्या, बीज दर महिन्याला तयार होते.

टाके काढून आलो त्या संध्याकाळी ती मशीनवर बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आई, माझे सगळे तपासून झाले. आता आणखी काय कापायचे राहिले आहे?"

त्या रात्री मी कपाट उघडले. जुनी पंचांगे मी टाकत नाही. २०१७ सालच्या पंचांगात चार घड्या घातलेली एक चिठ्ठी होती. पहिल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत दिलेली. तिच्यावर माझ्या मुलाच्या वीर्यतपासणीचे लिहिले होते. चार वर्षे ती चिठ्ठी त्या पंचांगात होती आणि ती तिथे मीच ठेवली होती. 'माझ्या मुलाला काय होणार, चांगला धडधाकट आहे', एवढा एकच विचार तेव्हा माझ्या मनात आला होता. सुनेने दोनदा विचारले, तेव्हा 'मागाहून बघू' म्हणून मी विषय बदलला होता.

ही तपासणी किती सोपी असते ते सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते माहीतच नसते. तीन दिवस शरीरसंबंध टाळण्याचे पथ्य, लॅबमध्ये एक बंद खोली, एक प्लास्टिकची डबी. सुई नाही, भूल नाही, टाके नाहीत. आमचे पाचशे रुपयेसुद्धा झाले नाहीत. पुरुषाला सोपी गेली असे मात्र मी म्हणणार नाही. माझा मुलगा म्हापशाच्या लॅबच्या पायऱ्यांवरून दोनदा परत फिरला. तिसऱ्यांदा मीच त्याला सांगितले, "पुता, तिने तुझ्यासाठी पोटावर तीन टाके घालून घेतले. तू एवढे कर." तो आत गेला. मी बाकावर बसून राहिले.

निरोगी पुरुषाच्या एक मिलिलिटर वीर्यात निदान १ कोटी ६० लाख शुक्रजंतू असावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे माप आहे. माझ्या मुलाच्या रिपोर्टमध्ये आकडा होता ११ लाख. त्यातले नीट पोहणारे थोडेच. महिन्याने पुन्हा तपासणी केली, कारण एका रिपोर्टवरून ठरवत नाहीत. दुसराही तसाच आला.

डॉक्टरांनी त्याला विचारले, लहानपणी गालगुंड झाले होते का? त्याला आठवेना. मला आठवले. २००३ साल, तो पंधरा वर्षांचा होता. दोन्ही गाल सुजले, मी वेखंडाचा लेप लावला. पाचव्या दिवशी ताप पुन्हा चढला आणि वृषण सुजून लाल झाले. पोराने लाजत वडिलांना सांगितले, वडिलांनी मला. "उतरेल चार दिवसांत," असे म्हणून आम्ही घरीच राहिलो. सूज उतरली आणि आम्ही विसरलो. डॉक्टर म्हणाले, वयात आल्यावर गालगुंड झाले तर काही मुलांच्या बाबतीत असे होते, सर्वांच्याच नाही, आणि तेव्हा डॉक्टरांकडे नेले असते तरी हे टळले असतेच असे सांगता येत नाही. मला धीर द्यायला म्हणाले असतील. पण त्या खोलीत सून माझ्या शेजारी बसली होती, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर पाच वर्षे तिच्या पोटात शोधले ते माझ्या आठवणीत होते.

माझी सून शेजारच्या खुर्चीवर देवळात बसल्यासारखी शांत बसली होती. घरी येताना बसमध्ये तिने माझा हात धरला. मी तिची माफी मागितली ती त्या बसमध्येच, डिचोलीच्या बाजारापाशी.

आता आयव्हीएफबद्दल. मी डॉक्टर नाही, पण शिक्षिका आहे. समजल्याशिवाय पुढे जायचे नाही ही सवय. डॉक्टरांनी वहीत चित्र काढून समजावले तसेच सांगते. एरवी कोट्यवधी शुक्रजंतू निघतात आणि त्यातले काही शेच बिजापर्यंत पोहोचतात. मुळात ११ लाखच असतील आणि तेही धडपडणारे, तर तिथवर सहसा कोणी पोहोचतच नाही. म्हणून पत्नीची बिजे बाहेर काढून प्रयोगशाळेत पतीच्या शुक्रजंतूंशी त्यांची गाठ घालून द्यायची, ही झाली आयव्हीएफ. शुक्रजंतू फारच कमी असतील तर त्याच्यापुढची पायरी आहे, तिला इक्सी म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली एक शुक्रजंतू केसाहून बारीक काचेच्या सुईत घेऊन थेट एका बिजात सोडतात. एका बिजाला एक शुक्रजंतू पुरतो. ही पद्धत १९९२ साली बेल्जियममध्ये यशस्वी झाली. त्याआधी माझ्या मुलासारख्या पुरुषाला दुसऱ्या पुरुषाचे वीर्य घेणे किंवा मूल दत्तक घेणे, जवळजवळ एवढेच मार्ग होते.

पैसे उभे करायचे होते. २०१८ साली खाणी बंद झाल्यापासून मुलाचा ट्रक दारात उभा होता, टायरांवर वेली चढल्या होत्या. तो मिळेल त्या भावाला विकला. माझ्या दोन पाटल्या मोडल्या. पणजीतल्या एका खासगी रुग्णालयात पहिल्या खेपेला औषधांसकट दोन लाख दहा हजार गेले.

२०२२ चा जून. रोज रात्री आठ वाजता पोटात इंजेक्शन, अकरा दिवस. एरवी महिन्याला एक बीज पिकते; या इंजेक्शनांनी एका वेळी बरीच पिकतात. मुलाने नर्सकडून इंजेक्शन द्यायला शिकून घेतले. पहिल्या दिवशी त्याचा हात थरथरत होता, सून हसून म्हणाली, "टाका हो, मी सुईवरच जगते." औषध फ्रिजमध्ये ठेवायचे, पण गोठू द्यायचे नाही. सातव्या दिवशी वादळ झाले, वाड्यावर झाड पडले आणि दीड दिवस वीज नव्हती. मी छत्री घेऊन बाजारात मासळीवालीकडे गेले. ती ओळखीची. "बर्फ कशाला गे बाय, घरात काही आहे काय?" म्हणाली. मी काय ते सांगितले. पैसे न घेता तिने थर्माकोलच्या पेटीतला अर्धा बर्फ मला दिला. स्टीलच्या डब्यात बर्फ, त्यावर जुन्या लुगड्याची घडी, आणि त्या घडीवर औषध. दर दोन तासांनी पाणी ओतून टाकायचे, घडी बदलायची. रात्रभर मी आणि मुलगा आळीपाळीने जागे राहिलो.

शेवटचे इंजेक्शन रात्री बरोबर साडेदहाला द्यायचे होते. त्यानंतर साधारण ३६ तासांनी बिजे काढतात. उशीर झाला तर ती आपोआप सुटून जातात. मधला एक दिवस सोडून सकाळी साडेदहाला तिला आत नेले. थोडी भूल, वीस मिनिटे, टाका नाही. ११ बिजे मिळाली. त्यातली नऊ पिकलेली होती, नऊच्या नऊंमध्ये एकेक शुक्रजंतू सोडला. दुसऱ्या दिवशी फोन आला, सहा फळली. पाचव्या दिवशी फोन आला, तीन गर्भ नीट वाढले. त्यातला एक बारीक नळीने तिच्या पिशवीत सोडला. दोन गोठवून ठेवले, उणे १९६ अंशांवर, द्रव नायट्रोजनमध्ये.

चौदा दिवसांनी रक्ततपासणी झाली. नाही म्हणून आले.

हे मी मुद्दाम लिहीत आहे. आयव्हीएफ म्हणजे मूल होणारच, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. चांगल्या ठिकाणी, तरुण वयातही बऱ्याच जोडप्यांना पहिल्या खेपेला अपयश येते. इंजेक्शनांनी काही जणींच्या पोटात पाणी साचते, दवाखान्यात राहावे लागते. आमच्या घरी त्यानंतर दोन महिने कोणी मोठ्याने बोलले नाही. सुनेने मशीनला कापड घालून ठेवले. मुलगा एकदा मला म्हणाला, "माझ्यामुळे." मी त्याला म्हटले, गालगुंड तुझ्यामुळे झाले नाही, आणि चिठ्ठी तू लपवली नाहीस.

वर्षभराने, २०२३ च्या जुलैत, तिचे मन तयार झाल्यावर गोठवलेल्यातला एक गर्भ वितळवून सोडला. या खेपेला ना अकरा इंजेक्शने, ना भूल; गोळ्या, दोन-तीन सोनोग्राफी, आणि खर्चही पुष्कळ कमी. चौदाव्या दिवशी रिपोर्ट घ्यायला मुलगा एकटा गेला. त्याने फोन केला नाही. तो घरी आला, वाटेत घेतलेली अबोलीची वेणी त्याने सुनेच्या हातात दिली आणि पायरीवर बसून रडला.

२०२४ च्या मार्चमध्ये नात झाली. गावात शिगम्याचे ढोल वाजत होते. आता ती दीड वर्षाची आहे, मशीनच्या पायट्यावर बसते आणि उठवले की ओरडते.

माझ्या मनाला सर्वात लागते ते वेगळेच. १९८६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी या पद्धतीने मुलगी जन्माला आली, त्या वेळी मी नुकती नोकरीला लागले होते. गोवा तेव्हा केंद्रशासित होता. मी ती बातमी शाळेच्या बातमीफलकावर खडूने लिहिली. मुख्याध्यापकांनी ती पुसायला लावली, मुलांसमोर असले नको म्हणाले. मला राग आला होता. विज्ञानाची बातमी आहे, पुसायची कशाला? आणि तीच मी, तीस वर्षांनी, स्वतःच्या घरात चिठ्ठी पंचांगात दडवते.

पुढे वाचनात आले की त्याच्याही आधी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, इंग्लंडमधल्या पहिल्या बाळानंतर अवघ्या ७० दिवसांनी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे करून दाखवले होते. त्यांनी तर गर्भ गोठवून ठेवून मग सोडला होता, म्हणजे आमच्या नातीची वाट त्यांनीच प्रथम चालून दाखवली म्हणायची. सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, त्यांची बदली केली, आणि १९८१ साली त्यांनी आपले जीवन संपवले. केईएमच्या त्या यशात ज्यांचा वाटा होता त्या डॉ. आनंद कुमार यांनीच १९९७ साली मुखोपाध्यायांच्या नोंदी पाहून, पहिला मान त्यांचा आहे असे जाहीरपणे सांगितले. स्वतःचा मान दुसऱ्याला देणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो.

नात झाल्यावर बारशाला आलेल्या एका बाईने माझ्या कानात विचारले, "पण बीज आपलेच ना? ते काय घालतात कोणास ठाऊक." असे अनेकांच्या मनात असते म्हणून सांगते. प्रयोगशाळेत प्रत्येक डबीवर पती-पत्नी दोघांची नावे असतात, आणि प्रत्येक पायरीला दोन माणसे ती नावे पडताळतात. आम्ही विचारले तेव्हा आम्हाला ते दाखवले. 'टेस्ट ट्यूबमधले मूल' असेही म्हणतात. माझी नात पाच दिवस काचेच्या बशीत होती, वर्षभर थंडीत होती, आणि नऊ महिने माझ्या सुनेच्या पोटात होती. आणि ज्यांना दात्याचे वीर्य किंवा बीज घ्यावे लागते, त्यांचे मूलही २०२१ च्या कायद्याने त्या जोडप्याचेच असते, त्यात कुणाला शंका घ्यायला जागा नाही.

हा कायदा वाचण्यासारखा आहे. नोंदणी नसलेल्या क्लिनिकला हे उपचार करता येत नाहीत. यश येण्याची शक्यता किती, खर्च किती, धोके कोणते हे आधी सांगणे क्लिनिकवर बंधनकारक आहे. उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ ही मर्यादा आहे. पण ५० म्हणजे तोपर्यंत थांबावे असे नाही. बाई जन्माला येते तीच तिची सारी बिजे घेऊन, आणि पस्तिशीनंतर ती झपाट्याने घटतात, त्यांचा कसही उतरतो. माझ्या सुनेची २४ ते २९ ही वर्षे मी देवळांत आणि वैद्यांकडे घालवली. तिचे वय लहान होते म्हणून निभावले. ३२ व्या वर्षी लग्न होऊन आलेल्या मुलीला ही पाच वर्षे परत मिळणार नाहीत. एक वर्ष प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, किंवा बायकोचे वय ३५ च्या वर असेल तर सहा महिन्यांतच, दोघांनी डॉक्टरांकडे जावे. दोघांनी हा शब्द मी डोळ्यांत भरेल असा लिहिला असता, पण छापताना तसे होत नसेल.

२०२३ साली, आमच्या दुसऱ्या प्रयत्नाच्याच वर्षी, बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, सरकारी खर्चाने आयव्हीएफ सुरू झाले. ज्या उपचारासाठी आमचा ट्रक आणि पाटल्या गेल्या, तो आता गोव्यातल्या गरीब जोडप्याला मोफत मिळू शकतो. ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती करणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानते. पण बांबोळीला पोहोचायच्या आधी घरातला उंबरठा ओलांडावा लागतो, आणि तिथे माझ्यासारखी सासू बसलेली असते.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत.

सरकारला एक. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, मूल होत नाही म्हणून बाई आली की पहिल्याच दिवशी नवऱ्याच्या तपासणीची चिठ्ठी नवऱ्याच्याच हातात द्यावी. बाईच्या हाती दिलेली चिठ्ठी कुठे जाते ते मी वर लिहिले आहे. म्हापसा, फोंडा, मडगाव, डिचोली अशा ठिकाणी तरी ही तपासणी मोफत आणि आडोशाची व्हावी.

दुसरी विनंती सगळ्याच क्लिनिकना. आमची फाइल सुनेच्या नावाची होती. रिपोर्ट मुलाचा, दोष गालगुंडाचा, आणि कपाटावर दोन बोटे जाडीची फाइल तिच्या नावाने. फाइलवर दोघांची नावे घाला. संमतीपत्रे वीस पाने होती, सगळी इंग्रजीत. सुनेने मला विचारले, "आई, यात काय आहे?" आणि मला त्यातले अर्धेच समजले. ती मराठीत आणि कोकणीत हवीत, आणि सही करण्याआधी कोणीतरी ती वाचून दाखवायला हवीत. उरलेल्या गोठवलेल्या गर्भाचे काय करायचे, कायद्याने तो दहा वर्षे ठेवता येतो, हेही त्याच पानांत होते. आम्हाला ते दीड वर्षाने कळले. तो तिसरा गर्भ अजून आहे. त्याचे काय करायचे ते मुलगा आणि सून ठरवतील. मी या वेळी मत दिलेले नाही.

तिसरी विनंती सासवांना, माझ्या वयाच्या बायांना. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले, की जगात साधारण दर सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. आणि मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत कारणाचा काही ना काही भाग पुरुषाकडे असतो. म्हणजे आपल्या वाड्यावर मोजायला बसलात तर कोणाच्या तरी घरी हे आहेच, आणि त्यातल्या कित्येक घरांत सुनेला उगाच टोचले जात आहे. २०१९ साली माझ्या पुतण्याच्या बायकोचे डोहाळजेवण होते. सून ओटी भरायला ताट घेऊन उभी राहिली; नारळ, खण, तांदूळ, सगळे तिनेच मांडले होते. मी तिच्या हातातून ताट घेतले आणि शेजारणीकडे दिले. कोणी मला तसे करायला सांगितले नव्हते. ती काही बोलली नाही, आत गेली आणि चहाचे कप विसळू लागली. नात मांडीवर असतानाही मला ते ताट दिसते.

सोमवारी देवळातून परत आले आणि संध्याकाळी चौकात बसलेल्या त्या मुलीच्या सासूकडे गेले. तिला माझी गोष्ट सांगितली, चिठ्ठीसकट. तिचा चेहरा पडला, मला वाटले ती रागावली. चहासुद्धा विचारला नाही. चार दिवसांनी तिचा मुलगा आमच्या फाटकाशी आला, गाडी बंद न करताच उभा राहिला आणि माझ्या मुलाशी हळू आवाजात बराच वेळ बोलला. माझ्या मुलाने त्याला म्हापशाच्या लॅबची वेळ सांगितली आणि म्हणाला, एकटा जायला नको वाटत असेल तर मी येतो. ते दोघे परवा गेले होते. रिपोर्ट काय आला ते मी विचारलेले नाही.

हे पत्र लिहिण्याआधी मी मुलाला आणि सुनेला विचारले. सुनेने वाचून दोन ठिकाणी दुरुस्ती केली, तारखा तिला माझ्यापेक्षा चांगल्या आठवतात. मुलगा म्हणाला, "आई, तूं बरय. म्हजें नांव मात घालूं नाका." म्हणजे, तू लिही, पण माझे नाव घालू नकोस. म्हणून नाव, गाव आणि फोन वेगळ्या कागदावर आपल्यासाठी जोडले आहे. कृपया ते छापू नये.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
डिचोली तालुका, गोवा